डबा पोचला

“पाटावर औजारं मांडतात, खेळणी नाही,” विद्युल्लता पुन्हा म्हणाली, आणि ती निळी प्लास्टिकची चकती झाऱ्याच्या शेजारून उचलून तिनं पुन्हा सोफ्यावर टाकली.

जगन्नाथनं ती परत उचलली. ह्या खेपेला मात्र पाटावर ठेवली नाही. दोन्ही हातांत धरून, कुणाच्या घरी प्रसाद घेऊन गेलेल्या आणि दार उघडायची वाट बघणाऱ्या माणसासारखा उभा राहिला.

खंडेनवमीची संध्याकाळ होती. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये टीव्हीखालची फरशी पुसून पाट मांडला होता आणि त्यावर घरातल्या प्रत्येकाचं पोटापाण्याचं साधन. मधोमध विद्युल्लताचा लांब दांड्याचा झारा, चिंचेनं घासून लख्ख केलेला. एका बाजूला मुलाचा, देवदत्तचा, लॅपटॉप. दुसऱ्या बाजूला सुनेचा, शर्वाणीचा, टॅब, ज्यावर डब्यांच्या ऑर्डरी येत. किचनमध्ये हाताखाली असलेल्या कुंदानं पुऱ्या दाबायचं यंत्र पाठवलं होतं. ड्रायव्हर भिवानं व्हॅनची किल्ली आणून ठेवली होती, तिच्यावर झेंडूचं फूल वाहिलं होतं, आणि व्हॅन खालीच लावून तो बसनं आपल्या खोलीवर गेला होता. नात मनाली, हिनं आपली टेनिसची रॅकेट ठेवली होती, आणि भांडण त्या रॅकेटवरूनच पेटलं होतं.

“आजी, दॅट्स नॉट फेअर,” मनाली म्हणाली. “माय रॅकेट इज ऑल्सो फॉर प्लेइंग.”

तुझं शिकायचं वय आहे, विद्युल्लतानं सांगितलं. शिकणाऱ्या मुलाचं सगळं औजारच असतं. आजोबापण शिकतायत, मनालीनं इंग्रजीतच कळवलं, आणि माझ्यापेक्षा लवकर शिकतायत. देवदत्तला कसंही करून जेवायला बसायचं होतं. त्यानं तोडगा काढला की बाबांनी चकती पाटाखाली सरकवावी, म्हणजे पूजेत आहेही आणि नाहीही. शर्वाणी निरांजनातली वात सारखी करत राहिली. सासू-सासऱ्यांच्या मधे बोलायचं नाही, हे ती लग्नानंतर फार लवकर शिकली होती.

“एक राहू दे गं,” जगन्नाथ म्हणाला. “कोपऱ्यात.”

“औजार म्हणजे ज्याच्यावर घर चालतं ते. ह्या ताटलीवर कुणाचं घर चाललंय?”

जगन्नाथनं चकतीच्या कडेवरून अंगठा फिरवला. तिथं धूळ नव्हती.

“बरोबर आहे,” तो म्हणाला, आणि चकती पिशवीत घालून बाल्कनीतले वाळलेले कपडे काढायला गेला.

हे त्याचं जुनंच होतं. भांडण ऐन रंगात आलं की ‘बरोबर आहे’ म्हणून उठून जायचं, म्हणजे दोरीचं दुसरं टोक समोरच्याच्या हातात नुसतंच लोंबत राहतं. विद्युल्लतानं हळदकुंकू वाहिलं, निरांजन ओवाळलं. आरतीत जगन्नाथचा आवाज होता, नेहमीसारखा अर्धी ओळ मागे.

ह्या घराची वाटणी फार जुनी होती. नव्वदच्या दशकात जगन्नाथ कुडाळहून एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर म्हणून आला. देवदत्त रांगायला लागल्यावर विद्युल्लता त्याला घेऊन मागून आली. बर दुबईत देवळाच्या गल्लीमागे, दुसऱ्या कुणाच्या तरी फ्लॅटमधली, प्लायवूड ठोकून वेगळी केलेली एक खोली. वर्ष सरायच्या आत कंपनी बुडाली. पलीकडच्या खोलीत मराठी पोरं राहत. त्यांनी विचारलं, वहिनी, तुमच्या आमटीचा वास रोज येतो, जरा जास्त कराल का? तिनं जास्त केली. केली तिनं आणि नेऊन दिली त्यानं. तेव्हापासून भांड्याच्या आतलं सगळं तिचं आणि भांड्याच्या बाहेरचं सगळं त्याचं. दोन्ही हातांत डब्यांच्या पिशव्या घेऊन तो बसनं सतव्याला जाई, करामाला जाई, अब्राच्या होडीत बसून खाडीपलीकडे जाई. पुढे व्हॅन आली. मग दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, कारखाने आणि कामगारांच्या खोल्या ह्यांच्या ऐन मध्यावर, स्वतःचं किचन आलं, माणसं आली. तरी दोन गोष्टी बदलल्या नाहीत. मीठ विद्युल्लताच घाली. ती चाखेपर्यंत कुंदा झाकण हातात धरून उभी राही. आणि व्हॅन जगन्नाथच चालवी.

गेल्या वर्षी एका दुपारी, सिग्नलला उभा असताना, त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. व्हॅन आपली आपण सरकत फुटपाथवर चढली आणि खजुरीच्या झाडाला टेकून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, फक्त रस्ताभर आमटी सांडली. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि आता गाडी नको म्हणाले. किल्ली काढून घे, हे देवदत्तला सांगितलं विद्युल्लतानंच. त्यात तिचं काही चुकलं असं तिला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नव्हतं. तात्पुरतं, असं सगळे म्हणाले. जगन्नाथ म्हणाला, बरोबर आहे.

मग तो घरी राहिला. मनालीला स्कूलबसपर्यंत सोडी, कोथिंबीर निवडी, धुतलेल्या डब्यांना झाकणं जुळवून देई. कुणी काही म्हणत नसे, तरी टीव्ही लावण्याआधी लावू का म्हणून विचारी. त्याला त्यातून बाहेर काढलं याकूबनं. याकूब मूळचा श्रीवर्धनचा. बर दुबईतल्या दिवसांपासून ह्यांना तांदूळ-मसाला पुरवणारा. आता दुकान जावई बघे आणि याकूब आपली जुनी गाडी घेऊन मोकळा होता. दोघं शनिवारी सकाळी शहराच्या कडेला कुठल्याशा झाडांच्या पार्कात जाऊ लागले. चालणं होईल, साखर आटोक्यात राहील, म्हणून विद्युल्लतानं कौतुक केलं. पण मग पिशवी आली, पिशवीत चकत्या आल्या, एक लांब जाणारी, एक जवळची, एक मधली. शनिवारी कारखाने चालू असतात, म्हणजे डबेही असतातच. आपण तेलाच्या धगीसमोर उभं राहायचं आणि नवऱ्यानं सावलीत ताटल्या फेकायच्या, हे तिच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी दसरा आणि शनिवार एकदमच आले. उजाडता उजाडता ताजी फुलं वाहून झाली आणि जो तो आपापली वस्तू उचलायला आला. देवदत्तनं लॅपटॉप कपाळाला लावला. शर्वाणीनं टॅबवरचं कुंकू ओढणीनं टिपलं, कुंदाचं यंत्र पिशवीत घातलं. मनाली झोपेतच रॅकेट घेऊन परत अंथरुणात शिरली. भिवा दाराशी चपला काढून आत आला, किल्ली उचलून डोळ्यांना लावली, आणि वळून जगन्नाथच्या पाया पडला.

“सावकाश जा,” जगन्नाथ म्हणाला. त्याच्या एका हातात पाण्याचा ग्लास होता. दुसरा हात पाटाच्या दिशेनं गेला. सगळ्यांनी उचललं म्हणून आपणही उचलायचं, इतकंच असेल. अर्ध्या वाटेत त्या हाताला कळलं की इथं आपलं काही नाही. मग त्यानं कडेला घरंगळलेलं एक झेंडूचं फूल उचलून मधे ठेवलं, जणू हात त्यासाठीच गेला होता.

विद्युल्लतानं ते पाहिलं. स्वयंपाकघरात जाऊन तिनं ओटा पुसला, तो पुसलेलाच होता. किल्ली काढून घेतली ते बरोबरच, तिच्या मनात आलं. पण त्या जागी आपण काहीच ठेवलं नाही.

खालून याकूबच्या गाडीचा हॉर्न वाजला. जगन्नाथनं पिशवी खांद्याला लावली.

“थांबा,” ती म्हणाली. “मीपण येते.”

सगळे तिच्याकडे बघायला लागल्यावर तिला कारण द्यावं लागलं. आपट्याची आणलेली पानं काळी पडली आहेत, तिनं सांगितलं. तुम्हीच म्हणत होतात ना की तिथं शमीची झाडं आहेत, तर शमीचंच सोनं आणू. देवदत्तनं किचनचं विचारलं. श्रीखंड कालच झालंय, ती म्हणाली, कुंदाला मसालेभात चढवू दे, शर्वाणीला उभी राहू दे, मी आलेच. पायांत चपला सरकवताना तिनं दारातून बजावलं, “मी येईपर्यंत मीठ घालू नका.”

घाईत तिचा झारा पाटावरच राहिला.

गाडीत ती मागे बसली. याकूबला तिच्या येण्याचा इतका आनंद झाला होता की रस्ताभर त्याचं तोंड बंद नव्हतं.

“भाभी, ह्या माणसानं तुम्हाला शेगडीची गोष्ट सांगितलीये का?”

“याकूब,” जगन्नाथ म्हणाला.

“नाही ना सांगितली? वाटलंच मला.”

गोष्ट अशी होती. पहिल्यांदा दोघं त्या पार्कात गेले ते कोंबडी भाजून खायला. याकूबच्या घरून मसाला लावून आणली होती. झाडांमध्ये जगन्नाथला एक लोखंडी खांब दिसला. वरून साखळ्यांचा झुबका लोंबतोय, खाली जाळीची टोपली. तो म्हणाला, बघ याकूब, काय सोय केलीये, कोळसा टोपलीत आणि कोंबडी टांगायला वर साखळ्या. दोघांनी कोळसा पेटवला. तंगड्या साखळ्यांत अडकवल्या. धूर वर गेला तसा एक फिलिपिनो माणूस चकती हातात घेऊन धावत आला, अंकल, अंकल, नो बार्बेक्यू, ही आमची खेळायची टोपली आहे.

“तो हसत होता हो बिचारा,” याकूब म्हणाला. “पण तुमच्या मालकाचा चेहरा असा झाला की जणू देवळात चूल मांडली. तिथंच वाळू घेऊन घासायला बसला. कोंबडी खाल्ली नाही. आणि पुढच्या शनिवारी परत आला, का? तर काजळी राहिलीये म्हणून. घरून तारेची घासणी घेऊन.”

ती घासणी विद्युल्लताला आठवत होती. ती हरवल्याबद्दल तिनं कुंदाला दोन दिवस बोल लावले होते.

“मग त्या लोकांनी विचारलं, अंकल, इतकं घासलंत, आता एकदा खेळून तरी बघा,” याकूबनं संपवलं. “खलास. तेव्हापासून हा असा.”

जगन्नाथ पुढच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

पार्कात शिरल्यावर विद्युल्लता मान वर करून बघत राहिली. इथल्या वाळूत इतकी झाडं एका जागी असतील असं तिला वाटलं नव्हतं. इथं त्यांना घाफ म्हणतात, जगन्नाथनं सांगितलं. पण तिनं फांदी वाकवून पाहिली तर बारीक पानं तीच, काटे तेच, शमीच होती. कुणी न लावल्यासारखी वेडीवाकडी, फांद्या खाली झुकलेल्या. कुठंतरी तितर ओरडत होता. ऊन अजून तापलं नव्हतं.

तिचा हात फांदीवर गेला तसं जगन्नाथ हळूच म्हणाला, “तोडायचं नाही हं. पडलेलं घ्यायचं. जाताना घेऊ.”

खेळ सोपा होता. सिमेंटच्या ओट्यावरून चकती फेकायची, पडेल तिथून परत फेकायची, दूरच्या टोपलीत जाईपर्यंत. ज्याला कमीत कमी वेळा फेकावं लागेल तो जिंकला. जगन्नाथ ओट्यावर उभा राहिला. आधी झाडांच्या शेंड्यांकडे पाहिलं, वारा कुठून येतो ते बघायला. मग एक पाय मागे घेऊन तो वळला आणि हात मोकळा सोडला. चकती दोन खोडांमधून सरळ गेली, शेवटी डावीकडे कलंडली आणि खांबाजवळ अलगद बसली. घरात भिंतीच्या कडेकडेनं चालणारा हा माणूस अंगणात उभा राहिल्यासारखा पाय फाकवून उभा होता.

“सतव्याला असंच जावं लागतं,” तो म्हणाला. “समोरून वाट नाही.”

“सतवा?”

तो जरा चाचरला. “नाव ठेवलंय. ह्या टोपलीचं.”

“सगळ्यांची ठेवलीत,” याकूब म्हणाला. “आता तर तो फिलिपिनोपण सतवा, करामा म्हणतो.”

याकूबची चकती झाडाला आपटून पडली. जगन्नाथनं जवळची चकती काढली, दोन पावलांवरून टाकली, साखळ्या वाजल्या. पलीकडच्या ओट्यावर आपल्या पाळीची वाट बघत थांबलेला एक माणूस, तोच असावा, हात वर करून ओरडला, “डब्बा पोचला, अंकल.”

विद्युल्लतानं नवऱ्याकडे पाहिलं. तो चकती टॉवेलनं पुसत होता. व्हॅनमध्ये पुढच्या काचेखाली असे तशीच चौकोनी घडी घातलेला टॉवेल.

“डब्यांची लाईन आहे ही,” तो म्हणाला. “जुनी. जशी जायचो तशी.”

मग तो एकेक सांगत गेला आणि ती त्याच्यामागून वाळूतून चालत गेली. सतव्याला बेकरीच्या मागून जिना होता, दार अर्धंच उघडायचं, डबा आडवा करून द्यावा लागे. करामाला तिसरा मजला आणि लिफ्ट कायम बंद. तिथं एक म्हातारा हिशेबनीस एकटा राही, डबा घासूनपुसून परत करी आणि आत देवदत्तसाठी एक लिमलेटची गोळी टाकी. त्या गोळ्या विद्युल्लताला आठवत होत्या. त्या कुठून येतात हे तिनं कधी विचारलं नव्हतं. ती चुलीपाशी असे. इतकी वर्षं ज्या दारांसाठी तिनं पहाटे उठून कणीक तिंबली, त्यांतलं एकही दार तिनं पाहिलं नव्हतं.

तिला एक चकती दिली गेली. तिची पहिली फेक मागे गेली. दुसरी जमिनीत रुतली. तिसरी वर गेली ती शमीतच अडकली आणि तिथंच बसून राहिली.

“भाभी, शस्त्रं शमीवर ठेवायची असतात ना तुमच्यात?” याकूब म्हणाला. “मग बरोबर आहे. उतरवायला वर्षभरानं या.”

विद्युल्लता हसली. जगन्नाथनं दुसरी चकती फेकून ती खाली पाडली. पाडताना त्यानं सांगितलं की तिचा हात जड आहे, तिनं झारा धरल्यासारखी चकती धरू नये.

पुढची टोपली दाट झाडीत होती. ते अल कूज. रंगाचं वर्कशॉप.

“इथला एक गडी रोज म्हणायचा, वहिनींना सांगा, मीठ कमी आहे,” जगन्नाथ म्हणाला.

विद्युल्लता थांबली. “माझ्या हातचं?”

“रंगाच्या वासानं त्याच्या जिभेची चव गेली होती गं. त्याला सगळंच अळणी लागायचं.”

“मला कधी बोलला नाहीत.”

“तुला काय सांगायचं. तू सगळ्यांच्या आमटीत वाढवलं असतंस.” तो टोपलीकडे बघत होता. “खिशात कागदाच्या पुडीत मीठ ठेवायचो. डबा देताना पुडी द्यायचो. सांगायचो, वहिनींनी पाठवलंय.”

तिला राग आला की काय हे तिचं तिलाच समजेना. खिशाच्या तळाशी साठलेली पांढरी कणी तिला आठवली. कपडे धुताना ती झटकायची आणि वाटायचं, समुद्रावर गेले असतील.

ती काही बोलणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. शर्वाणी होती. मागे किचनचा गलका ऐकू येत होता. “आई, भाताला आधण आलंय. कुंदा थांबलीये. मीठ घालायला हवं ना आता, तांदूळ फुलायला लागले.”

विद्युल्लतानं घड्याळ पाहिलं नाही. तिनं जगन्नाथकडे पाहिलं. तो खाली वाकून चकतीवरची वाळू झटकत होता, ऐकत नसल्यासारखा.

“घाल,” ती म्हणाली.

“मी? किती, आई?”

“पाणी चाखून बघ. आपल्याला लागतं त्याच्यापेक्षा किंचित पुढे.”

“आणि चुकलं तर?”

“तर बाबांना विचार. त्यांच्याकडे उपाय आहे,” विद्युल्लता म्हणाली आणि फोन पदराला पुसून पर्समध्ये टाकला.

शेवटची टोपली जरा उंचवट्यावर, दोन जुन्या झाडांच्या मधे होती. खांबाच्या खालच्या भागावर अजून काळपट डाग होता; घासून घासून तिथला रंग उडाला होता. शेगडीची हीच, विद्युल्लता समजली.

“इथं तुमचे मालक नेहमी चुकतात,” याकूब म्हणाला. “सगळीकडे जिंकत येणार आणि इथं हरणार.”

“ही कुठली?” तिनं विचारलं.

“ही आपली,” जगन्नाथ म्हणाला. “बर दुबईची खोली. रिकामे डबे घेऊन यायचो ती.”

याकूबला एकदम बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. तो खाली बसला.

जगन्नाथची लांबची फेक उंचवट्याच्या अलीकडे पडली. दुसरी वर गेली, झाडाच्या मुळाला टेकली. तिथून टोपली दहा-बारा पावलांवर असेल. त्यानं जवळची चकती, ती निळी, काढली. ती टॉवेलनं पुसली. विद्युल्लता खांबाच्या पलीकडे, उंचवट्यावर, जाऊन उभी राहिली. कशाला, तिलाही सांगता आलं नसतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग टोपलीकडे, आणि हात सोडला.

साखळ्या खणखणल्या. चकती टोपलीत बसली आणि जाळी हलत राहिली.

तो आवाज विद्युल्लताला माहीत होता. जिन्याच्या खालच्या पायरीवर रिकामे डबे टेकले की असाच आवाज वर येई. कढईत उलथनं ठेवून, मान न वळवता, ती आतून विचारी. इतक्या वर्षांत तो आवाज पुन्हा कानावर आला नव्हता, पण तोंडानं आपलं काम चोख केलं.

“आलात?” ती म्हणाली.

“आलो,” जगन्नाथ म्हणाला.

मग दोघांनी झाडांखालची पडलेली शमी वेचली. याकूबनं आपल्या रुमालात थोडी बांधून घेतली, जावई विचारेल काय हे म्हणून स्वतःच हसला, आणि ती तशीच खिशात ठेवली.

घरी यायला उशीर झाला. विद्युल्लता किचनला गेलीच नाही. तिथून डबे वेळेवर निघाले होते. भिवानं जाता जाता घरचा डबा दारात दिला आणि तो जगन्नाथनं त्याच्या हातातून घेतला. शर्वाणी मागोमाग आली, तिच्या केसांना तेलाचा वास येत होता. पानं वाढली गेली. शर्वाणी सासूच्या पानासमोरच उभी राहिली, बसेना.

विद्युल्लतानं मसालेभाताचा घास घेतला. मीठ किंचित कमी होतं. तिनं सावकाश चावला, दुसरा घास घेतला.

“बस,” ती म्हणाली. “निवेल तुझा.”

सगळ्यांनी एकमेकांना शमीची पानं दिली. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. मनालीनं आपल्या पानाचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवला. पाट अजून टीव्हीखाली होता. सकाळची फुलं सुकली होती, आणि त्यांच्यामधे एकटा झारा पडून होता. शर्वाणीनं किचनमधला दुसराच वापरला होता.

विद्युल्लता पानावरून उठली. हात धुऊन तिनं जगन्नाथच्या पिशवीतून निळी चकती काढली, पदरानं पुसली आणि झाऱ्याच्या शेजारी ठेवली. हळदकुंकवाची बोटं तिनं आधी चकतीला लावली, मग झाऱ्याला.

“आई, पूजा तर सकाळीच संपली ना?” देवदत्तनं विचारलं.

“मी माझा झारा अजून उचललेला नाही.”

“आय टोल्ड यू,” मनाली कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाली.

जगन्नाथ पानावर बसूनच होता. त्याच्या हातातला श्रीखंडाचा चमचा तसाच राहिला होता. ह्या खेपेला ‘बरोबर आहे’ म्हणून तो उठून गेला नाही.

विद्युल्लता परत पानावर येऊन बसली. पुरीचा तुकडा मोडता मोडता, उद्या दूध किती घ्यायचं हे सांगावं तशा आवाजात, तिनं सगळ्यांना सांगितलं.

“पुढच्या शनिवारपासून मी किचनला येणार नाही. ह्यांच्याबरोबर जाणार आहे. शनिवारचं मीठ शर्वाणी बघेल.”